घाट चढताना चेक इंजिनचा दिवा, पी ००८७ पुसला तरी परत येतो. इंजेक्टर काढण्याआधी काय तपासावं?

सिंहगडरोडकर:

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ची, १२४८ सीसी कॉमन रेल डिझेल, ७५ बीएचपी, पुणे पासिंग, बीएस ४. रनिंग १ लाख ४२ हजार.

शहरात काही त्रास नाही. नवले पुलावरून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून धरला की अर्ध्या-पाऊण मिनिटात चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि गाडीचा दमच जातो. ३००० आरपीएमच्या वर जातच नाही. बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की पुन्हा नीट पळते, दिवा मात्र तसाच. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीलाही हेच. शिवाय सकाळी पहिल्यांदा चालू करताना सेल्फ तीन-चार सेकंद मारावा लागतो, पूर्वी एका सेकंदात लागायची. धूर नाही, काळा नाही की पांढरा नाही.

स्कॅनरवर दर वेळी एकच कोड, पी ००८७, म्हणजे रेल प्रेशर कमी (रेल म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरना जोरदार दाबाचं डिझेल पुरवणारी जाड नळी). डिझेल फिल्टर आणि रेल प्रेशर सेन्सर बदलून झाले. कोड पुसला की पुढच्या चढापर्यंत बरं, मग पुन्हा तेच. आता गॅरेजमध्ये चारही इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप उतरवायचं म्हणतायत. तो खर्च करण्याआधी काय तपासून घ्यावं? माझ्याकडे मल्टीमीटर आणि गाडीचे कोड मोबाइलवर दाखवणारा साधा ब्लूटूथ डोंगल आहे.

दहाचा_पाना:

ईजीआर (जळालेल्या वायूचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) एकदा काढून साफ करून घ्या. दीड लाखाच्या आसपास त्यात काजळीचा थर बसतोच आणि घाटात गाडी मरते. सोबत टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे पाइपही बघा, क्लिपजवळ चिरतात.

भोसरी_डिझेल:

ईजीआर साफ केल्याने नुकसान काही नाही, पण हा दोष तिथला नाही. ईजीआरचा प्रवाह बिघडला तर पी ०४०० च्या घरातले कोड येतात, बहुधा पी ०४०१. इंटरकूलरचा पाइप फाटला तर हवा कमी आणि डिझेल तेवढंच, म्हणून मागून काळा धूर निघतो आणि पी ०२९९ येतो. इथे धूर अजिबात नाही आणि ताकद जाते, म्हणजे कमी पडतंय ते डिझेल. लक्षण आणि कोड एकच गोष्ट सांगतायत.

आता मुख्य मुद्दा. पी ००८७ याचा अर्थ ‘इंजेक्टर खराब’ किंवा ‘पंप खराब’ असा होत नाही. कॉम्प्युटरने रेलमध्ये जेवढं प्रेशर मागितलं तेवढं मिळालं नाही, एवढंच तो कोड सांगतो. टाकीपासून इंजेक्टरच्या टोकापर्यंत कुठेही गळती, अडथळा किंवा अशक्तपणा असेल तर हाच कोड येणार. म्हणून कोड बघून पार्ट बदलायचा नाही, प्रेशर कुठे हरवतंय ते शोधायचं. क्रम असा ठेवा:

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम वाचा. दिवा लागला त्या क्षणाचे आरपीएम, लोड, पाण्याचं तापमान आणि वेग त्यात साठवलेले असतात. कोड पुसला की तेही जातात. दर वेळी आधी कोड पुसला जात असेल तर पुरावाच पुसला जातोय.

इंजिन रात्रभर थंड असताना नुसती चावी चालू करा, सेल्फ मारू नका. रेल प्रेशर शून्याच्या आसपास दिसलं पाहिजे. ३०-४० बार किंवा जास्त दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलतेय. सेन्सरला तीन वायरी असतात: ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. प्रेशर नसताना सिग्नलवर साधारण ०.५ व्होल्ट मिळायला हवेत. सेन्सर नवा आहे म्हणून ही चाचणी सोडू नका, कपलरची (वायरी जोडणाऱ्या प्लगची) पिन सैल असली तर नवा सेन्सरही चुकतो.

मग लाइव्ह डेटा. एकाच ग्राफवर दोन रेषा हव्यात: मागितलेलं प्रेशर आणि मिळालेलं प्रेशर. भारतात ओबीडीचा (गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोड देण्याच्या व्यवस्थेचा) दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. तुमची गाडी त्याआधीची आहे, त्यामुळे साध्या डोंगलवर मिळालेलं प्रेशर दिसेल, मागितलेलं कदाचित दिसणार नाही. त्यासाठी कंपनीनिहाय डेटा वाचणारा स्कॅनर लागतो. ज्यांच्याकडे तो असेल त्यांना शेजारी बसवून तोच कात्रजचा चढ चढा. गाडी उभी ठेवून नुसती रेस करून काही कळणार नाही.

ग्राफमध्ये बघायचं ते हे: पाय दाबल्या दाबल्या मिळालेली रेषा मागे पडते, की आधी बरोबर चालते आणि २०-३० सेकंदांनी हळूहळू खचते? लगेच मागे पडली तर संशय हाय प्रेशर पंप, त्यावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जाईल ते ठरवणारा) किंवा इंजेक्टरची जास्त रिटर्न गळती (न फवारता टाकीकडे परत जाणारं डिझेल) यांच्यावर. हळूहळू खचली तर हाय प्रेशर पंप बहुतेक ठीक आहे, त्याला मागून डिझेलच पुरत नाहीये. आयडलला (गाडी उभी, पाय न दाबता) हे इंजिन ताशी अर्धा-पाऊण लिटर पितं, पूर्ण जोरात ताशी १४-१५ लिटर. म्हणजे वीसपट. पुरवठा अर्धा झाला तरी शहरात पत्ता लागत नाही, घाटात लगेच लागतो. तुम्ही ‘अर्ध्या-पाऊण मिनिटात’ म्हणालात म्हणून माझं बोट आत्ताच पुरवठ्याकडे जातंय, पण ग्राफ बघितल्याशिवाय नक्की म्हणणार नाही.

इंजेक्टरची रिटर्न चाचणी. ही जवळजवळ फुकट आहे, आणि इंजेक्टर उतरवायला सांगणाऱ्याने ती आधी करायलाच हवी. चारही इंजेक्टरच्या डोक्यावरची बारीक रिटर्न नळी काढून प्रत्येकाला वेगळी पारदर्शक नळी लावा आणि खुणा केलेल्या चार सारख्या बाटल्यांत सोडा. मूळ रिटर्न लाइनचं तोंड बंद करा. इंजिन गरम करून दोन मिनिटं आयडलला चालवा. चारही बाटल्यांत जवळपास सारखं डिझेल हवं. एखादीत दुप्पट-तिप्पट भरलं तर तो इंजेक्टर आतून झिजलाय. तुमच्या इंजिनचे इंजेक्टर सोलेनॉइडचे (विजेच्या चुंबकाने उघडणारे) आहेत म्हणून हे चालतं. दुसऱ्या प्रकारच्या, पीझो इंजेक्टरच्या रिटर्नमध्ये मुद्दाम प्रेशर राखलेलं असतं, तिथे अशी नळी काढायची नाही.

आणि हे कृपया गांभीर्याने घ्या: पंप ते रेल आणि रेल ते इंजेक्टर जाणाऱ्या लोखंडी नळ्यांचे नट इंजिन चालू असताना सैल करायचे नाहीत. जुन्या डिझेलमध्ये हवा काढायला नट ढिला करायची सवय असते. इथे १,००० बारच्या वर प्रेशर जातं, ती धार कातडीतून आत शिरते आणि बोट गमावण्याची वेळ येते. गळती शोधायला नळीवरून हातही फिरवू नका, पुठ्ठा धरा.

कपलर_आणि_थिंबल:

वरच्या सगळ्याशी सहमत. माझ्याकडून एक सोपी चाचणी, तिला अवजारही लागत नाही. मागच्या सीटखालून चावी चालू केल्यावर दोन-चार सेकंद ‘हूं’ असा आवाज येतो का? येत असेल तर टाकीत इलेक्ट्रिक पंप आहे, तो डिझेल हाय प्रेशर पंपापर्यंत ढकलतो. उद्या सकाळी चावी चालू करा, आवाज थांबेपर्यंत थांबा, बंद करा, असं तीनदा करा आणि मग सेल्फ मारा. एका सेकंदात गाडी लागली तर सकाळचा त्रास पुरवठ्याच्या बाजूचा आहे, इंजेक्टरचा नाही. इंजेक्टर गळके असतील तर तीनदा भरूनही सेल्फ लांबच चालतो, कारण सेल्फच्या वेगात रेलला जेमतेम जमणारं प्रेशर ते रिटर्नमध्ये सोडून देतात.

फिल्टर नुकताच बदललाय म्हणून दुसरं: फिल्टरच्या झाकणाचा ओ-रिंग चेपला गेला किंवा जुना तिथेच राहून त्यावर नवा बसला, तर गाडी उभी असताना तिथून हवा शिरते आणि डिझेल टाकीकडे उतरतं. फिल्टर ते हाय प्रेशर पंप या टप्प्यात फूटभर पारदर्शक डिझेल पाइप तात्पुरता घाला. चालू इंजिनमध्ये सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा आला तर चालतो. सोड्यासारखी बारीक बुडबुड्यांची रांग सतत दिसली तर हवा शिरतेय.

फिल्टरच्या तळाचं डिझेलही काचेच्या ग्लासात काढून उन्हात धरून बघा. खाली पाण्याचा थर आहे का, आणि त्याहून महत्त्वाचं, चंदेरी चमचम दिसते का. चमचम म्हणजे धातूचा चुरा. तो टाकीतल्या पंपाचाही असू शकतो. हाय प्रेशर पंपाचा असेल तर मात्र गोष्ट वेगळी आणि महाग होते, कारण तो चुरा रेल आणि इंजेक्टरमध्येही गेलेला असतो.

सिंहगडरोडकर:

तीन दिवसांत जमेल तेवढं केलं. आकडे देतो.

फ्रीझ फ्रेम: २,७०० आरपीएम, ६२ किमी वेग, पाणी ९१ अंश, लोड ९२ टक्के, रेल प्रेशर ७८० बार.
थंड इंजिन, नुसती चावी: रेल प्रेशर ० बार, सिग्नल ०.५ व्होल्ट.
रिटर्न चाचणी, दोन मिनिटं आयडल: २२, २४, २१, २६ मिली.
चावी तीनदा फिरवून सेल्फ: लगेच लागली. दोन सकाळी करून बघितलं, दोन्हीदा.
पारदर्शक पाइप: बुडबुडे नाहीत.
फिल्टरच्या तळाचं डिझेल: चमचाभरही पाणी नाही, चमचम नाही.
कात्रज चढ, चांगल्या स्कॅनरवर: मागितलेलं १,२८० च्या आसपास. मिळालेलं पहिली २५ सेकंद बरोबर सोबत, मग ११५०, १०००, ९००, ७८०, आणि दिवा.

भोसरी_डिझेल:

छान मोजलंत. आता इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप दोन्ही जागेवरच राहू द्या. चारही बाटल्या एका मापात आहेत आणि पहिली २५ सेकंद पंपाने १,२८० बार करून दाखवलेत. झिजलेला पंप २५ सेकंद तरुण राहत नाही. त्याला मागून डिझेल मिळायचं बंद होतंय.

पुढची पायरी, लो प्रेशरचं माप. फिल्टर आणि हाय प्रेशर पंपाच्या मधे टी (तीन तोंडांचा जोड) टाकून ० ते १० बारचा गेज लावा. नळी लांब घ्या आणि गेज बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून समोरच्या काचेवर वायपरखाली घट्ट बांधा. गेज केबिनमध्ये आणायचा नाही, नळी सुटली तर डिझेल अंगावर येईल. नळी एक्झॉस्टपासून लांब आणि क्लॅम्प दोन्ही टोकांना. टाकीत पंप असलेल्या अशा सिस्टीममध्ये साधारण साडेतीन-चार बार असतं आणि चढावर त्यात फार फरक पडू नये.

आणि मधल्या काळात घाटात गाडी दामटू नका. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं. तो उपाशी चालला तर आज चांगला असलेला पंप खरोखर जाईल आणि मग गॅरेजने सांगितलेलं ते मोठं काम खरंच करावं लागेल.

सिंहगडरोडकर:

आयडलला ३.६ बार. चढावर हळूहळू उतरत १.४ बार, तेव्हाच पाय काढला. टाकीतला पंप बदलायचा का मग?

कपलर_आणि_थिंबल:

थांबा, अजून नाही. पंप अशक्त आहे की पंपाला वीज कमी मिळतेय, हे आधी ठरवा. दोन्हींत गेज हेच दाखवतो. पंप बदलून दोष वायरीत निघाला तर महिनाभरात पुन्हा याच धाग्यावर याल.

मागची सीट उचला, गोल झाकण काढा, खाली पंपाचा कपलर दिसेल. फक्त वरचं झाकण काढायचं, पंपाची रिंग उघडायची नाही. जवळपास सिगारेट, पेटता दिवा काही नको, खिडक्या उघड्या ठेवा. कपलर न काढता मागच्या बाजूने बारीक पिना घालून, इंजिन चालू आणि पंप निदान १५-२० मिनिटं चाललेला असताना व्होल्टेज बघा. पंप बंद असताना मोजलं तर १२ व्होल्ट दिसतीलच, त्याला अर्थ नाही. करंट वाहत असतानाच वाटेत व्होल्टेजची किती तूट होते ते कळते.

नंतर तूट टप्प्याटप्प्याने मोजा, मल्टीमीटर डीसी व्होल्टवर: बॅटरी प्लस ते रिलेची (पंपाची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचची) बाहेरची वायर, तिथून कपलरची गाडीकडची बाजू, मग कपलरच्या दोन बाजूंमध्ये, आणि शेवटी पंपाची अर्थ वायर ते बॅटरी मायनस. प्रत्येक टप्प्यावर ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत माफ. ज्या टप्प्यावर आकडा उडी मारेल, चोर तिथेच. फ्यूज काढून त्या जागी अँपिअरमीटर लावून पंपाचा करंटही लिहून ठेवा.

सिंहगडरोडकर:

बॅटरी १४.० व्होल्ट, पंपावर १०.७. टप्पे: रिलेपर्यंत ०.१, वायर ०.२, कपलर २.८, अर्थ ०.२. करंट ४.६ अँपिअर.

कपलर उघडला. दोन जाड पिनांपैकी एकीभोवतीचं पांढरं प्लास्टिक चहाच्या रंगाचं झालंय आणि कडेला वितळून ओघळ आलाय. गाडीकडच्या बाजूची पिन काळी पडून तिचं तोंड पसरलंय, वायरीचं इन्शुलेशन दोन सेंटिमीटरपर्यंत कडक झालंय, वाकवलं की तुकडे पडतात. मुळाशी हिरवट पावडरही आहे. पंपाकडची पिन फक्त तपकिरी, शाबूत आहे.

कपलर_आणि_थिंबल:

सापडलं. २.८ व्होल्ट गुणिले ४.६ अँपिअर म्हणजे जवळपास १३ वॉट. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नची निम्मी उष्णता त्या एका पिनेत साठत होती. पिन तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, व्होल्टेज आणखी पडतं, पंप मंदावतो. म्हणून पहिली काही सेकंद गाडी नीट, मग खचत जाते. शहरात मंद पंपही पुरतो. सकाळच्या सेल्फचं कारणही तेच: चावी चालू झाल्यावर दोन-चार सेकंदांत लाइन भरायची, ती भरत नव्हती.

दुरुस्ती अशी. पॉलिश पेपरने घासून पिन परत घालू नका, ती आठवडाभर टिकते. तोंड पसरलेली पिन आता पकडच घेत नाही. नाना पेठेत वायरीच्या शेपटीसकट कपलर मिळतात, जुना नमुना हातात घेऊन जा. वायर काळी नसून लालसर तांबं दिसेपर्यंत मागे कापा. जोड पिळून टेप मारायचा नाही: तेवढ्याच जाडीची वायर, क्रिंप स्लीव्ह (दाबून बसवायची धातूची नळी), वरून गोंदवाली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). जोड कपलरपासून निदान चार-पाच इंच मागे घ्या, म्हणजे तो झाकणाच्या आत ताणला जाणार नाही. पंपाकडची पिन कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, वितळलेली असती तर पंपाचं वरचं झाकणही बदलावं लागलं असतं.

हिरवी पावडर म्हणजे तिथे पाणी पोहोचलंय. वॉशिंग सेंटरला आतून पाणी मारून कार्पेट धुतात, ते सीटखाली साचतं आणि पावसाळाभर वाळत नाही. झाकणाचं रबर सपाट झालं असेल तर तेही नवं टाका.

दहाचा_पाना:

कपलर बसवल्यावर पुन्हा करंट मोजा. व्होल्टेज सुधारलं की तो थोडा वाढेल, ते बरोबर आहे. पण ७-८ अँपिअरच्या वर गेला तर पंप आतून जड झालाय, आणि नवी पिनही अशीच जाळेल.

सिंहगडरोडकर:

नवा कपलर क्रिंप करून बसवला. पंपावर आता १३.५ व्होल्ट, कपलरची तूट ०.०५, करंट ५.३ अँपिअर. लो प्रेशर आयडलला ४.१ आणि कात्रजच्या चढावर ३.९. तीनदा चढलो, तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबून. मागितलेलं १,२८०, मिळालेलं १,२६५ ते १,२९०. दिवा नाही. सकाळी सेल्फ एका सेकंदात. गेज आणि पारदर्शक पाइप काढून टाकू का?

भोसरी_डिझेल:

दोन्ही काढा. पारदर्शक पाइप बॉनेटखालच्या उष्णतेत कडक होऊन चिरतो, तो तपासणीपुरताच. मूळ नळी लावताना जुन्या क्लिपा परत वापरू नका, नव्या घ्या आणि चावी तीन-चारदा फिरवून लाइन भरल्यावरच सेल्फ मारा. मग कोड पुसा आणि या वेळी पेंडिंग कोडचं पानही बघा, कारण दिवा लागण्याआधी दोष तिथे उमटतो. खंबाटकी एकदा चढून आल्यावर, आणि साधारण हजार किलोमीटरनंतर सीट उचलून कपलरला हात लावून पाहा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल तर पुन्हा तूट मोजा.